फी भरण्याआधी लेखी परवानगी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात मामांकडे नागपूरला राहून तिथल्या स्वायत्त महाविद्यालयात संख्याशास्त्राचा चार क्रेडिटचा, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या चार अभ्यास-एककांचा, उन्हाळी अभ्यासक्रम करण्याचे तू ठरवले आहेस, हे तुझ्या बाबांकडून कळले आणि फार बरे वाटले. तिथली फी भरण्याआधी मात्र दारव्ह्याच्या आपल्या महाविद्यालयाकडून लेखी परवानगी घे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

क्रेडिट नागपूरचे महाविद्यालय देईल. ते तुझ्या पदवीच्या कोणत्या रकान्यात बसवायचे, हे आपले महाविद्यालय आणि अमरावती विद्यापीठ ठरवील. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) आणि कौशल्य विषय यांचे क्रेडिट वेगवेगळे मोजले जातात. तुला मायनरचे चार हवे असतील आणि हे चार ओपन इलेक्टिव्हमध्ये धरले गेले, तर तुझ्या क्रेडिटच्या खात्यावर ते दिसूनही मायनरचा पेपर तुझ्यापुढे उभाच राहील. म्हणून अर्जात रकान्याचे नाव स्पष्ट लिही आणि मिळालेली श्रेणी एसजीपीएमध्ये, म्हणजे सत्राच्या श्रेणी-सरासरीत, धरली जाईल की केवळ क्रेडिट जमा होतील, हेही विचारून घे.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात असाच अभ्यासक्रम करून आला. रोज पहाटेची एसटी धरून त्याने साठ तास पूर्ण केले आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाला, पण सोबत अभ्यासक्रमाची सविस्तर छापील प्रत जोडलेली नाही म्हणून त्याचा क्रेडिट धरण्याचा अर्ज परत आला आणि ती प्रत मिळवण्यासाठी हेलपाटे घालता घालता सत्राची मुदत टळली. 'होऊन जाईल' असे मीच त्याला तोंडी सांगितले होते. ती गोष्ट आजही मनाला लागून आहे.

म्हणून अभ्यासक्रमाची प्रत आत्ताच मिळव. तीत घटकवार विषय, तासांची संख्या आणि मूल्यमापनाची पद्धत असलीच पाहिजे, कारण तासिकांच्या विषयात एका क्रेडिटला पंधरा तास धरतात आणि समकक्षता, म्हणजे तिथला अभ्यासक्रम आपल्या विषयाच्या तोडीचा आहे का, हे तपासणारे प्राध्यापक आधी तेच पाहतात. प्रत्येक पानावर महाविद्यालयाचा गोल शिक्का घे, केवळ शेवटच्या पानावर नको. अर्ज दोन प्रतींत कर. एक कार्यालयात दे आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व सही घेऊन ती पोच घरी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेव.

शैक्षणिक क्रेडिट बँकेचे, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यांचे, नियम 2021 साली आले. तिथले तुझे खाते अपार या विद्यार्थ्याच्या बारा अंकी ओळख क्रमांकाशी जोडलेले असते आणि त्यात क्रेडिट संस्थाच जमा करते. प्रमाणपत्र घेऊन गेल्याने आपल्याला स्वतःला ते जमा करता येत नाही. खाते जोडताना अडचण नको, म्हणून आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव यांत फरक असेल, तर या आठवड्यातच सेतू केंद्रात जाऊन दुरुस्तीचे विचार. आपल्याकडे वडिलांच्या नावापुढे 'राव' एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, आणि पुढे गाडी तिथेच अडते.

फीसाठी बाबांनी कापसाच्या पैशातून काही रक्कम बाजूला ठेवली आहे, असे ते म्हणाले. परवानगीचे पत्र हाती येईपर्यंत तिला हात लावू नकोस. अर्जाचा कच्चा मसुदा बाजाराच्या दिवशी घेऊन ये. आपण दोघे बसून तो नीट करू.

तुझे
सर