ब्रेसेस असताना स्केलिंग (दातांवर जमलेला कडक थर दंतवैद्याकडून काढून घेणे) करावे का, आणि तारा काढल्यावरही ते लागते का?

होय, दोन्ही वेळी लागते: ब्रेसेस असेपर्यंत साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्या काढल्यावर दर सहा महिन्यांनी स्केलिंग करून घ्यावे. मी दादरच्या एका दंतचिकित्सालयात सहायक आहे. दर महिन्याला तार घट्ट करायला येणारे अनेक रुग्ण त्यातच सफाई झाली असे समजतात, पण ते काम वेगळे असते आणि त्यासाठी स्वतंत्र वेळ मागावी लागते. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत साधा ब्रश नीट पोहोचत नाही. तिथे साचलेल्या थरातील जिवाणूंच्या आम्लाने इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळतात आणि ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग उमटतात, जे कधीकधी महिन्याभरातच दिसू लागतात आणि मग स्केलिंगने जात नाहीत. म्हणून रोज रात्री तारेखालून इंटरडेंटल ब्रश (फटींत जाणारा बारीक ब्रश) फिरवणे आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरणे हे अधिक महत्त्वाचे. तारा काढल्यावर खालच्या पुढच्या दातांमागे रिटेनरची (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायची) बारीक तार चिकटवली असेल, तर लाळग्रंथी तिथेच उघडत असल्यामुळे टार्टर, म्हणजे कडक झालेला थर, भराभर जमते. ती जागा मुद्दाम साफ करून घ्यावी. मात्र स्केलिंगची ही मुदत सर्वांना सारखी नसते: हिरड्या सुजत असतील किंवा रक्त येत असेल, तर लगेच दाखवावे. खर्चाची अडचण असल्यास सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी.