कडी कुणाच्या हातात?

प्रिय पोरी,

तुझा मेल तीनदा वाचला. तिकडं विलायतेत होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात त्या कृष्णवर्णीय पोरानं आधी तुझ्या फोडणीच्या वासाला नावं ठेवली, मग देशाला, मग कातडीला. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी सांगितलं, हा पूर्वग्रह, वंशवाद नव्हे. वंशवादाला सत्ता लागते. आणि तू मला विचारतेस, 'काका, मग माझं झालं ते काय?'

अपमान झाला. त्याला व्याख्या लागत नाही. होस्टेलकडे रीतसर लेखी तक्रार दे. तिथला २०१० चा समानता कायदा संरक्षण देताना कातडीचा रंग विचारत नाही. हे एवढ्यात संपतं. खरा घोळ तू शब्दाचा घातलायस.

बाईंनी ते मनानं काढलेलं नाही. 'पूर्वग्रह अधिक संस्थात्मक सत्ता' ही मांडणी १९७० साली अमेरिकेत पॅट्रिशिया बिडॉल यांनी केली. त्याआधी १९६५ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे. तो वंश, रंग, जन्मकूळ यांवरून केलेला भेद मोजतो, आणि हेतू नसला तरी परिणाम बघतो. करणारा सत्तेवर हवा अशी अट त्यात नाही. दोन्ही व्याख्या जिवंत आहेत. मराठीत मी तर दोन शब्द वेगळे ठेवतो. मनातल्या विषाला 'वर्णद्वेष' म्हणतो, रचून ठेवलेल्या व्यवस्थेला 'वंशवाद'. तू एका शब्दानं दोन्ही कामं करायला बघतेस आणि मग रडतेस.

मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलोय: दाराची कडी कुणाच्या हातात होती? त्या पोराला तुला खोलीबाहेर काढता येत होतं? तुझा व्हिसा अडवता येत होता? नाही. उलट १९९३ मध्ये लंडनच्या बसस्टॉपवर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय पोराचा खून झाला, त्या तपासातल्या पोलिसांबद्दल १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं काय म्हटलं ते काढून वाच. मनात द्वेष नसतानाही अख्खं खातं वंशवादी असू शकतं, असा त्याचा अर्थ. का? कडी त्यांच्या हातात होती.

आणि सत्ता काही कातडीला कायमची चिकटलेली नसते, हे कोल्हापूरच्या पोरीला मी सांगायचं? १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला भटजी क्षत्रियांच्या वेदोक्ताऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणत होता. गादी महाराजांची, पण शूद्र कोण हे ठरवायची कडी भटजीकडे. आणि त्याच संस्थानात सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून गंगाराम कांबळेंना सोबतच्या मराठा नोकरांनी मारलं. भटजीच्या लेखी जे शूद्र, ते हौदापाशी मालक! महाराजांनी गंगारामांना हॉटेल काढून दिलं आणि तिथला चहा स्वतः घेतला. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासांना राखून ठेवणारा हुकूम निघाला, तेव्हा महाराज तू आहेस त्याच विलायतेत होते. बाईंची व्याख्या आपल्याकडं फार आधी अंमलात होती म्हण.

आता मेलमधली ती ओळ. 'म्हणजे हे अ‍ॅट्रॉसिटीसारखंच एकतर्फी झालं.' ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. अगं, घटनेच्या कलम १५ मधली भेदभावाची बंदी दोन्ही बाजूंना लागू आहे, जात कुठलीही असो. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा मात्र सोसणारा अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि आरोपी तसा नसेल तरच लागतो. एकाच देशात दोन्ही व्याख्या कायद्यात बसल्यात, कारण दोघींची कामं वेगळी. स्वयंपाकघरात तुला जे लागलं, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्याचा कायदा मोडीत काढू नकोस.

चिडतोय, कारण मला माझं आठवतं. त्याच १९८९ सालात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातली मागची खोली रिकामी होती. कोर्टातला एक तरुण कारकून बघायला आला. चांगला पोरगा. मी आडनाव विचारलं आणि म्हणालो, 'कालच दिली हो.' माझ्या मनात द्वेष नव्हता, शपथेवर सांगतो. आई थकलेली, सोवळ्याची, घर तिच्या नावावर. पुढं मी त्याच कायद्याखालच्या कितीतरी फिर्यादी फी न घेता चालवल्या. बघ, अजून वकिली करतोय स्वतःचीच. खोली तीन महिने रिकामी राहिली. तो रोज कोर्टात मला नमस्कार घालायचा. कडी माझ्या हातात होती, पोरी.

तिकडं तू खालची आहेस, इकडं वरची. दोन्ही खरं.

जाता जाता. राजारामपुरीत तुमच्या वरच्या मजल्याला 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी परत लागलीय. परवा तुझ्या बाबांना विचारलं, कुणाला देणार? 'आपल्यातलंच कोणतरी बघा,' म्हणाले. पाटीचा फोटो सोबत जोडलाय. त्यांना फोन तू करतेस, का मी करू?

तुझा,
वकीलकाका