नायकॉन २००-५०० साठी गिम्बल हेड घ्यावे का, की चांगले बॉलहेड पुरेल?

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. नायकॉनची २००-५०० मिमी लेन्स आहे, २० किलो क्षमतेचे बॉलहेड (ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायचा, नॉबने आवळायचा गोळ्याचा सांधा) आहे, हिवाळ्यात उजनी जलाशयाकाठी भिगवणला पक्षी टिपायला जाणे होते आणि १५ हजारांच्या आत कोणते गिम्बल हेड (जड लेन्स तोलून धरणारे हेड) घ्यावे, इथवर प्रश्न सरळ आहे. पण पुढे तुम्ही लिहिले आहे की, ओळखीच्या एका अनुभवी छायाचित्रकारांच्या मते ‘नॉब घट्ट करायची शिस्त असेल तर गिम्बलची गरजच नाही’. नेमके हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षे माझ्या थोरल्या भावाकडून ऐकत आलो आहे. ते चूक आहे असे माझे ठाम मत आहे आणि ते मत मला फार महागात पडून मिळालेले आहे.

२०१४ साली दादाने आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून नायकॉनची ५०० मिमी एफ/४ जी ही लेन्स वापरलेली विकत घेतली. नुसत्या लेन्सचे वजन ३.८८ किलो, त्यावर कॅमेरा चढवला की साडेचार किलोंच्या वर. पैसे लेन्समध्येच संपले होते, म्हणून हेड घरात होते तेच वापरायचे ठरले आणि घरात होते ते बॉलहेड. दादा मेकॅनिकल इंजिनिअर. खोक्यावर २० किलो क्षमता छापली आहे, आपले सामान पाच किलोंच्या आत आहे, म्हणजे चौपट मोकळीक आहे, असा त्याचा हिशेब होता आणि त्या वेळी मलाही तो पटला होता.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. उजनीचे पाणी ओसरू लागले की काठचा चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चरायला उतरतात. होडीत न बसता काठावरूनच टिपायचे ठरवून आम्ही उजाडण्यापूर्वी ट्रायपॉड लावला. काळी ओली माती, तीत अर्धवट रुतलेले दगड, पाण्यावर धुक्याचा पातळ थर. सूर्य वर आला आणि दलदलीवरून एक शिकारी पक्षी खालून उडत गेला, तसा शे-दीडशे रोहितांचा थवा एकदम उठला. मी नॉब सैल करून थव्याच्या मागे लेन्स फिरवली, दहा-बारा छायाचित्रे घेतली, थवा पलीकडे जाऊन बसला. चष्म्यावर वाफ धरली होती म्हणून मी तो काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. त्यासाठी दोन्ही हात लागतात.

लेन्सने मान टाकली. दुसरा शब्द मला सुचत नाही. पुढचा जड भाग खाली आला, झुकताना एका बाजूला कलला आणि त्या बाजूचा ट्रायपॉडचा पाय मऊ चिखलात वीतभर आत गेला. मी चष्मा टाकून झेप घेईपर्यंत सगळे सामान दगडावर आडवे झाले होते. हूड फुटले आणि लेन्सच्या माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या भागाची, धातूची कडी वाकली. दुरुस्तीला आम्ही लेन्ससाठी मोजलेल्या किमतीच्या जवळजवळ पाव हिस्सा गेला आणि लेन्स हाती येईपर्यंत तो सबंध हंगाम संपला. दादाने लेन्स उचलली, चिखल पुसला आणि एवढेच विचारले, “नॉब घट्ट केला नव्हतास ना?”

केला नव्हता. ते मी तेव्हाही कबूल केले आणि आजही करतो. पण ज्या हेडवर दर वेळी पक्षी उडाला की नॉब सैल करायचा, तो बसला की घट्ट करायचा, आणि दिवसभरात शंभर वेळा हे करताना एकदाही विसरायचे नाही, ते हेड लांब आणि जड लेन्ससाठी मुळातच चुकीचे आहे. पक्ष्यांचे छायाचित्रण करणाऱ्याचे लक्ष पक्ष्याकडे असणार, नॉबकडे नाही. दादाच्या मते हा दोष माणसाचा, माझ्या मते हेडच्या निवडीचा, आणि निवड आम्ही दोघांनी मिळून केली होती.

इंजिनिअर असूनही दादाचा हिशेब कुठे चुकला, ते तुमच्याही उपयोगाचे आहे, कारण तुमच्या बॉलहेडवरही तोच आकडा आहे. वजन सरळ खाली दाबत असेल तेव्हा २० किलो पेलणे ही फार मोठी गोष्ट नाही. बॉलहेडवर लेन्सचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या मध्यापासून १२-१५ सेंटीमीटर वर असतो, म्हणजे तळहातावर काठी उभी तोलावी तशी ती रचना आहे. काठी सरळ आहे तोवर ठीक, पण जरा कलली की तिचेच वजन तिला आणखी कलवते. लेन्स जितकी झुकेल तितका पीळ वाढत जातो आणि तो सगळा पीळ गोळ्याच्या पृष्ठभागावरच्या घर्षणाने रोखायचा असतो. शिवाय सगळ्या कंपन्या क्षमतेचा आकडा एकाच पद्धतीने मोजत नाहीत, त्यामुळे दोन हेडची तुलना त्यावरून करणेच फसवे आहे.

गिम्बलमध्ये लेन्स ज्या आडव्या आसाभोवती वर-खाली झुकते, तो आस लेन्स आणि कॅमेऱ्याच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून जाईल अशी सोय केलेली असते. मग ती तराजूच्या दांडीसारखी तोलून राहते. लेन्स दुरुस्त होऊन आल्यावर मी एक वापरलेले गिम्बल हेड घेतले आणि पहिल्या संध्याकाळी गच्चीवर तोल साधत बसलो. लेन्सच्या पायाला लावलेली प्लेट हेडच्या क्लॅम्पमध्ये (पकडीत) मागे-पुढे सरकवत, लेन्स ज्यावर बसते तो खालचा पाट थोडा-थोडा वर-खाली करत अर्धा तास गेला. मग एका क्षणी लेन्स आकाशाकडे करून हात सोडला आणि ती तिथेच थांबली. सगळे नॉब सैल होते. एका बोटाने साडेचार किलोंचे ते धूड खाली आणले, तिथेही ते थांबले. गच्चीवरून जाणाऱ्या घारी मी त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत टिपत राहिलो आणि मान किंवा खांदा काही दुखले नाही.

तोल साधण्याची पद्धत कोणीही नीट सांगत नाही म्हणून सांगतो. आधी लेन्स आडवी धरून सोडा. तोंड खाली जात असेल तर प्लेट मागे घ्या, कॅमेरा खाली जात असेल तर पुढे न्या. ते जमले की लेन्स साधारण ४५ अंश वर करून सोडा. ती आणखी वरच जात राहिली तर गुरुत्वमध्य आसाच्या वर आहे, पाट खाली घ्या. ती परत आडवी होऊ लागली तर तो आसाच्या खाली आहे, पाट वर घ्या. तुमची २००-५०० झूम करताना पुढे लांबते, त्यामुळे २०० वर साधलेला तोल ५०० वर राहत नाही. पक्ष्यांसाठी तुम्ही बहुतेक वेळ ५०० वरच असणार, तेव्हा तोल तिथेच साधा आणि बाकीच्या लांबींसाठी झुकण्याचा नॉब किंचित आवळून ठेवा.

यावरून कोणते घ्यावे, याचे उत्तर बरेचसे निघते. पाट वर-खाली करता येतो असे पूर्ण गिम्बल घ्या. लेन्स कडेला टांगायचे प्रकार वजनाला हलके असतात, पण लेन्स चढवताना-उतरवताना दोन्ही हात अडकतात. बॉलहेडवरच बसवायची अर्धी जोडणीही मिळते, ती तुमच्यासाठी मुळीच नको, कारण तिथे सगळी भिस्त पुन्हा त्याच गोळ्याच्या पकडीवर येते. इंटरनेटवर नुसते ‘गिम्बल’ शोधलेत तर मोबाइलसाठीची मोटरवाली उपकरणे समोर येतील, त्यांचा याच्याशी संबंध नाही. विम्बर्लीचे हेड हे या प्रकारातले मापदंड मानले जाते आणि त्याचे वजन सुमारे १.४ किलो आहे, पण तुमच्या रकमेत ते बसणार नाही. बसणाऱ्यांपैकी अमुकच घ्या असे मी म्हणणार नाही, कारण एकाच नावाची दोन हेडही सारखी फिरतात असे नाही. दुकानात जाऊन स्वतःच्या लेन्ससकट फिरवून पाहा. अगदी सावकाश फिरवताना सुरुवातीला झटका बसतो का, नॉब आवळताना लेन्स जागची हलते का, आणि बाहू धरून कडेला हलवला तर सांध्यात खडखड जाणवते का, या तीन गोष्टी क्षमतेच्या आकड्यापेक्षा अधिक सांगतात.

हेडइतकीच प्लेट महत्त्वाची आहे. तुमच्या लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला आर्का-स्विस पद्धतीच्या, म्हणजे हेडच्या क्लॅम्पमध्ये थेट बसणाऱ्या, खाचा नाहीत, तेव्हा वेगळी प्लेट लागेल. ती तोल साधायला पुरेशी लांब हवी, लेन्सच्या पायावर फिरू नये अशी अडणी तिला हवी आणि दोन्ही टोकांना घसरण अडवणारे छोटे स्क्रू हवेत. हे स्क्रू बहुतेक प्लेटींबरोबर पुडीत येतात आणि बहुतेक लोक ते पुडीतच ठेवतात.

त्या स्क्रूंचे महत्त्व मला दादामुळे कळले. २०१९ च्या हिवाळ्यात लेन्स त्याच्याकडे होती आणि आम्ही पुन्हा उजनीच्या काठी होतो. त्याने लेन्स गिम्बलवर चढवली, मागे वळून कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी शोधू लागला, आणि लेन्स प्लेटसकट मागे घसरून टक् असा आवाज करत थांबली. क्लॅम्पचा नॉब त्याने अर्धाच आवळला होता. प्लेटच्या टोकाचा तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू नसता, तर लेन्स दुसऱ्यांदा दगडावर गेली असती. दादाने काही न बोलता नॉब आवळला. मीही काही बोललो नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, “लेन्स स्क्रूने वाचवली, गिम्बलने नाही.” ते खरे आहे. पण शिस्तीने वाचवली नाही हेही तितकेच खरे आहे, आणि माझा पहिल्यापासूनचा मुद्दा तोच आहे. तुमच्या अनुभवी परिचितांना हे अवश्य सांगा. त्यांच्या शिस्तीबद्दल मला शंका नाही, पण दादाच्या शिस्तीबद्दलही मला कधी शंका नव्हती.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमची लेन्स कॉलरसकट २.३ किलोंची आहे, आमच्या लेन्सहून खूप हलकी. तुम्ही चालत-चालत छायाचित्रे घेत असाल तर ती हातात धरून किंवा मोनोपॉडवर चांगली चालते आणि हेड-ट्रायपॉडचे ओझे जाचक वाटेल. एका जागी तासन् तास बसून वाट पाहणार असाल, तरच गिम्बलचे पैसे वसूल होतात. ताडोबात जिप्सीमध्ये ट्रायपॉड उभा करायला जागाच नसते, तिथे कडधान्य भरलेली बीनबॅग उत्तम. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढलात, तर कितीही चांगले हेड लावा, लेन्स थरथरणारच. चिखलात पाय रोवताना एक पाय नेहमी लेन्सच्या तोंडाच्या दिशेने ठेवा, आमच्याकडून त्या दिवशी तेही राहिले होते. गिम्बल कडेला कलत नाही, त्यामुळे आधी ट्रायपॉड समतल करा आणि उरलेली क्षितिजरेषा लेन्सच्या कॉलरमध्ये फिरवून सरळ करा.

आणि भिगवणला होडीतून जाणार असाल, तर गिम्बल गाडीतच राहू द्या. होडी डोलते, इंजिन चालू असेल तर तळ थरथरतो आणि ट्रायपॉडचे तीन पाय ती थरथर थेट लेन्सपर्यंत नेतात. होडीत लेन्स हातात धरा, शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि पट्टा गळ्यात असू द्या.