चार वर्षांनी घरी येणाऱ्या अग्निवीराच्या आईला

नमस्कार ताई,

मुलगा सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन विभागात अग्निवीर आहे, चार वर्षं संपत आलीत, कायम होण्याची त्याला आशा नाही आणि पुढचा विषय निघाला की ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो, असं तुम्ही लिहिलंय. पोलीस भरतीचा फॉर्म आपणच भरून टाकावा का, असं विचारलंय.

त्याला न विचारता भरू नका. आधी त्याच्या मनातली सल काढायला हवी. अग्निवीरांना चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेत एका तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के जवान पुढे कायम सेवेत घेतले जातात. चारांतले तिघं उत्तम काम करूनही परत येणार, हे 2022 मध्येच ठरलं होतं. नातेवाइकांना हे आत्ताच सांगून ठेवा. ‘कायम का नाही झाला?’ असं दारातच कुणी विचारलं, तर एवढ्या तरुण वयात पोरगं खोलीत जाऊन बसतं आणि मग त्याला बोलतं करणं फार जड जातं.

तो तुमच्याशी बोलत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. फौजेतून तरुणपणीच बाहेर पडलेल्या, आता नोकरीधंद्यात रुळलेल्या एखाद्याशी त्याची गाठ घालून द्या. त्याच्यापाशी तो मोकळा होईल. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला.

कागदपत्रांचं काम मात्र तो सेवेत असतानाच व्हायला हवं. केलेले कोर्स, दुरुस्तीची कामं, हाताखालची माणसं हे सगळं, गोपनीय तपशील वगळून, त्याला लिहून काढू द्या. ‘मी नुसता बारावी’ म्हणणाऱ्या मुलाला आपण काय काय शिकलो ते तेव्हा दिसतं. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात, त्याची चौकशी त्याने जरूर करावी. वर्दीच हवी असेल तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण आहे, पहिल्या तुकडीला वयात 5 वर्षांची सूटही.

आणि सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, साधारण 11.71 लाख. पेन्शन नाही, त्यामुळे हाच त्याचा आधार. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, कुणाचा धंदा, कशालाही निदान सहा महिने हात लावू देऊ नका.

त्याची इच्छा असेल तर पुढचं पत्र त्यानेच लिहावं. मी वाट बघतोय.