शेजारच्या खुर्चीवरचा खोकला

प्रश्न : बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. परवा शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मास्क हनुवटीवर ओढून सारखे खोकत होते. बाबा आता म्हणतात, ‘फ्लूची साथ ओसरेपर्यंत एखादी पाळी चुकवतो.’ चुकवू द्यावी का? आणि युनिटला काय सांगावं?

उत्तर : ताई, पाळी अजिबात चुकवू देऊ नका. अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं; रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. हा धोका संसर्गापेक्षा जवळचा आहे. पण बाबांची भीतीही खरी आहे. मूत्रपिंड निकामी झालं की प्रतिकारशक्ती कमी होते, आणि ‘घरीच थांबा’ हे डायलिसिसच्या पेशंटला सांगताच येत नाही.

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. खोकला का लपवला जातो, ते मला माहीत आहे. ‘सर्दी आहे म्हटलं तर मशीनवर घेणार नाहीत’, या धास्तीने पेशंट गप्प बसतो. मशीन सुरू झालं की उबळ येते, आणि तेव्हा खुर्ची बदलणं सोपं नसतं. म्हणून खरं काम दाराबाहेर होतं. खोकला, ताप, घसादुखी असेल तर निघण्यापूर्वी युनिटला फोन करायचा. पाळी रद्द करायला नव्हे, जागा ठरवायला. बाबांनाही हीच सवय लावा. युनिटनेही ‘लक्षणं सांगा, डायलिसिस होणारच’ असं स्पष्ट सांगायला हवं. त्याशिवाय कोणी खरं बोलणार नाही.

असा पेशंट आला की त्याला मास्क द्यायचा, वेटिंगमध्ये इतरांसोबत न बसवता थेट आत घ्यायचं. दार बंद होणारी वेगळी खोली उत्तम. मात्र हिपॅटायटिस बी-च्या पेशंटसाठी राखलेली खोली वापरात असेल, तर तिथे त्याला नेऊ नये. खोली नसेल तर रांगेच्या टोकाची, वर्दळीपासून दूरची खुर्ची. चहूबाजूंनी किमान दोन मीटर मोकळे. एकाच आजाराचे अनेक पेशंट असले तर दिवसाची शेवटची पाळी त्यांना द्यावी.

फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीला, सुया लावताना आणि काढताना माझा चेहरा पेशंटच्या चेहऱ्यापासून हातभरही लांब नसतो. त्या वेळी मास्क, डोळ्यांवर चष्मा किंवा शील्ड, गाऊन, ग्लोव्हज सगळं हवंच. सर्दी झालेल्या कर्मचाऱ्याने कामावर येऊ नये. इथे युनिटने रजा नाकारू नये, असं मला कळकळीने वाटतं. पेशंट उठून गेल्यावरच खुर्ची, मशीन आणि बीपीचा पट्टा पुसायचा. घाईत पट्टा राहून जातो, तेवढं तुम्ही बघा.

बाबांना मशीनवर असताना मास्क लावू द्या, खाणं आधी किंवा नंतर उरका. फ्लूची लस दरवर्षी, शिवाय न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) आणि कोविडच्या लशींबद्दल नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, विचारा. घरातल्यांनीही फ्लूची लस घ्यावी.

थर्मामीटरवर विसंबू नका. अनेक डायलिसिस पेशंटचं नेहमीचं तापमान कमी असतं, संसर्गातही ताप फारसा चढत नाही. दम लागला तर तो पाण्याचाही असू शकतो. तेव्हा पुढच्या पाळीची वाट न पाहता लगेच कळवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचा डोसही डायलिसिसच्या पेशंटला वेगळा लागतो.