शेरीफ: नगरपाल नव्हे, शरीफ तर नव्हेच

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या बातम्यांतल्या ‘काउंटी शेरीफ’ला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मराठीत नगरपाल म्हणावं की पोलीस आयुक्त? आणि हा शब्द अरबी ‘शरीफ’वरून आला का?

दोन्ही प्रतिशब्द चूक. ‘नगरपाल’ मुंबईच्या शेरीफसाठी रूढ आहे, तो तिथेच राहू द्या. ते वर्षभराचं मानाचं पद आहे. मात्र उच्च न्यायालयाच्या हुकमाने अटकावून ठेवलेल्या जहाजाचा लिलाव आजही त्याच्याच नावाने होतो. अमेरिकेतला शेरीफ नगराचा नसतोच, काउंटीचा असतो. शहराचा पोलीसप्रमुख नेमलेला, शेरीफ मात्र बहुतेक राज्यांत मतांवर निवडून आलेला. काउंटीचा तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, समन्स बजावणं, हुकूमनामा झाला की घर रिकामं करून घेणं, शहराच्या हद्दीबाहेर गस्त, ही त्याची कामं. वेस्ट हॉलिवूडला स्वतःचं पोलीस खातं नाही. ते लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफशी करार करून गस्त घेतं. तिथल्या अटकेला ‘लॉस एंजेलिस पोलिसांनी पकडलं’ म्हटलं की बातमी चुकली. ‘डेप्युटी’चं ‘उपशेरीफ’ तर रोज वाचायला मिळतं! डेप्युटी म्हणजे गस्तीवरचा साधा अधिकारी; मोठ्या खात्यात असे शेकडो असतात. दुय्यम प्रमुख म्हणजे ‘अंडरशेरीफ’.

‘शरीफ’ श-र-फ या अरबी धातूचा, शराफतीच्या घरातला. शेरीफ जुन्या इंग्रजीतला: शीर-येरेवा, म्हणजे शायरचा रीव्ह, परगण्यावर राजाने नेमलेला कारभारी. यॉर्कशायरमधला ‘शायर’ तो हाच. आणि खरी गंमत पुढे आहे: ‘शीर’चा जुना अर्थ जमीन नव्हे, सोपवलेलं काम. काम ज्या मुलखात चालायचं त्या मुलखालाच पुढे ते नाव चिकटलं. आपल्या ‘मामलत’चं हेच झालं. मुआमला म्हणजे व्यवहार, त्यावरून मामलत म्हणजे कारभार, मग मामलेदाराच्या ताब्यातला मुलूखही मामलतच. वसूल आणि बंदोबस्त दोन्ही एकाच माणसाकडे, इंग्लंडातही आणि पेशवाईतही. म्हणून जुन्या इंग्लंडातल्या शेरीफला मी बेधडक ‘मामलेदार’ म्हणेन. गोव्यात हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे. ‘देशमुख’ सुचवणारे वतन विसरतात. देशमुखी पिढीजात, शेरीफ राजाच्या मर्जीतला.

रीव्ह आणि जर्मन ‘ग्राफ’ (सरदारकीचा एक किताब) मुळात एकच शब्द, असं अजूनही छातीठोक सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ‘येरेवा’ या जुन्या रूपातला आरंभीचा ‘ये’ उपसर्ग आहे. तो सुटला म्हणून तर ‘रीव्ह’ उरला. ‘ग्राफ’मधला ग मुळातलाच.

बातमीत मात्र ‘शेरीफ’च लिहा, सोबत काउंटीचं नाव द्या.