खरं बोलायला शिकणाऱ्या नव्या भावाला

जय ख्रिस्त, भाऊ. खरं बोलायला लागल्यापासून घरात खटके उडतात, असं तू लिहिलंस. घाबरू नकोस, सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं.

सध्या बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ४था अध्याय एवढाच धर. २५व्या वचनात प्रेषित पौल लबाडी टाकून खरं बोलायला सांगतो, आणि २९व्यात ऐकणाऱ्याची उन्नती होईल असंच बोलायला. नवा माणूस पहिलं घट्ट धरतो, दुसरं राहून जातं.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- कोणाचं चुकलं तर आधी त्याच्याशीच, एकांतात बोल (मत्तय १८:१५). आपण सगळ्यात जास्त घसरतो ते इथेच. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणत एखाद्याच्या घरची गोष्ट अख्ख्या मंडळीत फिरते. ही सरळसरळ चहाडी आहे, आणि दुखावलेला माणूस चर्चला यायचा बंद होतो. प्रार्थनेची विनंती सांगण्याआधी ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घे.
- आईवडिलांना वचनं ऐकवून गप्प करू नकोस. त्यांचं पूर्ण ऐकून घे.
- रागात मेसेज पाठवू नकोस. याकोब १:१९ (ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागवायला सावकाश) रोज वाच.

खोटं कौतुकही नको. कोणाचं गाणं बेसूर झालं असेल, तर त्याने केलेल्या तयारीबद्दल मनापासून बोल. तेही खरंच असतं.

मंडळीतले मोठे वाद, शिस्तीचे प्रश्न सध्या पाळकांवर सोड. या आठवड्यात घरातल्या एकाच माणसाशी असं बोलून बघ, आणि कसं झालं ते नक्की कळव.